बारा फुटांचा चंद्र

अख्ख्या रायपुरात चंद्राचा फोटो माझ्यासारखा कोणी काढत नाही! हे मी गर्वानं सांगत नाहीये, रागानं सांगतेय. गर्व असता तर जे घडलं त्यानंतर केव्हाच उतरला असता. राग मात्र गॅसवर विसरलेल्या दुधासारखा आहे. बघावं तेव्हा वर आलेला!

मी चेतना गजभिये. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते आणि संध्याकाळी गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून चंद्रावरची विवरं बघते. आमचे यजमान गौतम, रेल्वेत सिग्नल खात्यात. ते म्हणतात, "तुले एकदम जवळचं दिसते आन एकदम लांबचं दिसते. मधातलं घर तेवढं दिसत नाही!"

आता चंद्राचा फोटो म्हणजे आकाशाकडे बघायचं, बटण दाबायचं, झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर माझा पहिला राग. अहो, मधे हवा असते! दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी गरम श्वास सोडते, आणि दुर्बिणीत चंद्र असा हलतो जसा उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेला रुपया. म्हणून एक फोटो काढून चालत नाही. चारशे काढायचे! त्यातले हललेले तीनशेवीस फेकायचे. उरलेले ऐंशी कॉम्प्युटरवर एकावर एक असे बसवायचे की सुईच्या टोकाएवढाही फरक पडता कामा नये. त्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की काळी पूड येते. ती एक कणभर आत गेली, की चंद्रावर कोणत्याही नकाशात नसलेला खड्डा!

शिवाय झाकण लावूनही फोटो काढावे लागतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अंगात काही ठिपके असतात, ते ओळखून चंद्रातून वजा करायला. पहिल्यांदा गौतमनी पाहिलं तेव्हा धावत आले.

"अवं, झाकण तं काढ!"

"झाकण लावूनच काढायचे असतात!"

"कशाचे?"

"अंधाराचे!"

ते मान हलवत खाली उतरले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या सगळ्या सिग्नल खात्याला माहीत होतं, की गजभियेची बायको झाकण लावून फोटो काढते आणि आलेले काळे फोटो सांभाळूनही ठेवते.

तर तेलीबांधा तलावाच्या मागच्या बाजूला आमची कॉलनी आहे. सत्तर घरं. मराठी, छत्तीसगढी, यूपीवाले, सगळे आहेत. दरवर्षी शरद पौर्णिमेला मैदानात खीर असते. कॉलनी समितीचे अध्यक्ष आमच्या समोरच्या घरातले शरच्चंद्र पिंपळापुरे. बँकेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. भोसल्यांच्या काळापासून यांचं घराणं इथे आहे. नावातच शरदाचा चंद्र, म्हणून त्या कार्यक्रमावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं त्यांना वाटतं. महिनाभर आधीच त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'यंदा मंचामागे बारा फुटी फ्लेक्स. त्यावर चंद्राचा फोटो. आपल्यापैकीच कोणी काढलेला. फोटोखाली नाव छापण्यात येईल.'

मी गौतमना म्हटलं, "यांनी सरळ माझं नावच का नाही लिहिलं? उगाच कशाला स्पर्धा लावून राहिले?"

"हव," गौतम म्हणाले. ते सगळ्यालाच हव म्हणतात. त्यावरून काही ठरवता येत नाही.

मी माझा सगळ्यात सुंदर फोटो पाठवला. दशमीचा चंद्र. एका बाजूनं तिरपं ऊन आलेलं, विवरांच्या लांबलचक सावल्या, डोंगर तर असे उठून दिसत होते की हात लावला तर खरचटेल! पाठवला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

पहिला मेसेज आला, 'दीदी, पूरा नहीं आया क्या?'

दुसरा, 'फोटो कट गया है, फिर से भेजिए.'

तिसरा खुद्द पिंपळापुरेकाकांचा. 'छान आहे चेतना. पण पौर्णिमेला हा बरा दिसणार नाही. कोणीतरी चावल्यासारखा वाटतो.'

चावल्यासारखा! अरे, पौर्णिमेच्या चंद्रावर सावलीच नसते! समोरून भक्कन ऊन पडलेलं. भर दुपारी बाराला नवरीला उन्हात उभं करून फोटो काढला तर कसा येईल? तसा असतो पौर्णिमेचा चंद्र! पण हे सांगणार कोणाला? मी दात ओठ खाऊन दुसरा फोटो पाठवला. पूर्ण चंद्र, आणि त्यातले रंग थोडे वाढवलेले. हो, चंद्रावर रंग असतात! जिथे टायटॅनियम जास्त आहे तिथे निळसर, बाकी ठिकाणी तांबूस. डोळ्याला दिसत नाहीत एवढे फिके असतात. ते वर काढायला मला तीन रविवार लागले होते.

'चांद को पीलिया हुआ है क्या दीदी?'

खाली हसणारी अकरा तोंडं!

पीलिया! कावीळ! मला सांगतात! या कॉलनीतल्या निम्म्या लोकांचं बिलिरुबिन मी स्वतः मोजलेलं आहे! रागानं बोटं अशी आपटली, की 'धन्यवाद' लिहायला गेले ते 'धन्यवादड' असं गेलं.

आणि त्याच संध्याकाळी, भाद्रपदाच्या पौर्णिमेला, पिंपळापुरेकाकांनी आपला फोटो टाकला.

काय सांगू! गोल, पांढराशुभ्र, खणखणीत! एकेक विवर कोरून काढल्यासारखं. खाली ओळ होती, 'आत्ताच नव्या फोनवरून काढला. गॅलरीतून, चहा पिता पिता.'

ग्रुपवर नुसता फुलांचा आणि टाळ्यांचा पूर. मतदान झालं. काकांना चौसष्ट मतं. मला दोन!

"दोन," मी म्हणाले. "एक माझं, एक तुमचं. बाकी कॉलनीला डोळेच नाहीत."

आमची मोनाली, कॉलेजात जाते, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच येतं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, दूसरा वोट मेरा है."

मी गौतमकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या पालीकडे पाहत होते.

"काकाचा साफ होता ना वं," ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी मी स्वयंपाक दोन माणसांचा केला.

पण माझं डोकं शांत बसेना. मी काकांचा फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. त्या संध्याकाळी आकाशात पातळ ढग होते, मी स्वतः गच्चीवरून हात हलवत परत आले होते. काकांच्या गॅलरीला मच्छरजाळी आहे. आणि काकांचा हात तर वर्षभरापासून थरथरतो! ते चहाचा कप उचलतात तेव्हा बशीची टकटक आमच्या हॉलमध्ये ऐकू येते. ढग, जाळी, थरथरता हात, आणि फोटो माझ्या ऐंशी फोटोंच्या फोटोपेक्षा स्पष्ट?

"हा फोन लबाड आहे!" मी ओरडले. "याला फक्त कळते की समोर चंद्र आहे. मग खड्डे तो आपल्या मनाचे भरते!"

"फोनला कुठं मन असते?" गौतम म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका! चौसष्टातले एक तुम्ही!"

आणि नशीब बघा, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काका दारात. हातात तोच फोन.

"चेतना, फ्लेक्सवाला म्हणतो, ग्रुपवरचा फोटो मोठा केला की फाटतो, ओरिजिनल मेलवर पाठवा. मला ते जमून नाही राहिलं. तू करून देतेस का बेटा?"

म्हणजे माझा पराभव मीच पाकिटात घालून पाठवायचा! पण मी गोड हसले. एवढी गोड, की गौतम घाबरून उठून उभे राहिले.

"ठेवून जा ना काका. अर्ध्या तासानं या."

काका गेले आणि मी स्वयंपाकघराकडे धावले. जेवायला चीला होता, म्हणजे इकडचं धिरडं. तांदळाच्या पिठाचा, पांढरा, गोल, जाळीदार. तव्यावरचा एक उचलला.

"मोनाली, तुझी काळी ओढणी आण! तुम्ही बॅटरी घ्या! वर चला!"

"मम्मी, आप ठीक हो?"

गच्चीच्या एका टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्यावर काळी ओढणी टाकली, ओढणीवर चीला टेकवून वरून दोन टाचण्या मारल्या. गौतमना बॅटरी घेऊन बाजूला बसवलं. "चील्यावर मारा! माझ्या डोळ्यांवर नाही! चील्यावर!" मी दुसऱ्या टोकाला गेले, काकांचा फोन उचलला आणि जेवढं जवळ आणता येईल तेवढं आणून बटण दाबलं.

फोन क्षणभर विचारात पडला. मग स्क्रीनवर जे आलं ते पाहून मी किंचाळले!

चंद्र! माझा चीला चंद्र झाला होता! त्यावर विवरं होती, काळसर समुद्र होते. दक्षिणेला टायको नावाचं मोठं विवर आहे, त्यातून फुटणारे पांढरे पट्टेसुद्धा त्या पठ्ठ्यानं काढले होते! फक्त खाली उजव्या कडेला मी उलटताना थोडा करपवला होता, तो तपकिरी डाग तसाच राहिला होता. आणि टाचणीच्या बाजूला एक लचका, कारण मोनालीनं वर येताना तुकडा तोडून खाल्ला होता.

"पाहिलं? पाहिलं? आता टाकते ग्रुपवर!"

"नको टाकू," गौतम म्हणाले. "लोकं म्हणतीन, हरली म्हणून भांडून राहिली."

"म्हणू दे!"

"आन काकाले काय वाटीन?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात खालून बेल वाजली. काका दहा मिनिटांतच परत. फ्लेक्सवाला दुकान बंद करून राहिला म्हणे. मी घाईघाईनं त्यांचा फोटो मेल केला आणि फोन हातात दिला. चीला त्या फोनमध्येच राहिला. मला स्वतःला पाठवायचासुद्धा राहून गेला!

पुरावा गेला, राग राहिला. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, 'खरा चंद्र ज्यांना पचत नाही, त्यांना नमस्कार.' आणि ग्रुप सोडला. सोडल्यावर पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग लोक काय म्हणाले हे बघावंसं वाटायला लागलं, पण आता दिसणार कुठून?

पुढचा महिना मी काकांशी एका अक्षरात बोलले. ते "कशी आहेस चेतना?" म्हणायचे, मी "हं" म्हणायचे. त्यांनी एकदा घरच्या पेरूंची पिशवी पाठवली. मी पेरू खाल्ले, पण रागानं खाल्ले.

शरद पौर्णिमेला गौतम म्हणाले, "चल ना. नवी साडी घाल."

"खीर खायला नवी साडी कशाला?"

"हव," गौतम म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे पाहायला लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मैदानात पोहोचलो. मंच सजलेला, खुर्च्या भरलेल्या, एका कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात खीर उकळत होती. मी मान वर केली आणि जागच्या जागी थिजले.

मंचामागे बारा फुटांचा चंद्र होता. खाली उजवीकडे तपकिरी डाग. वर एक लचका. आणि त्याखाली हातभर अक्षरांत, 'छायाचित्र: सौ. चेतना गजभिये.'

माणूस आपलं मूल गर्दीत ओळखतो. मी माझा चीला ओळखला!

"हे... हे काय आहे?" मी गौतमचा दंड धरला.

"सरप्राइज!" ते खूश होऊन म्हणाले. "काकानं आपला फोटो मागं घेतला. मले म्हणाले, चेतनानं माझ्याच फोनवर दुर्बीण लावून माझ्यापेक्षा चांगला काढून ठेवला, आन पोरगी बोललीसुद्धा नाही. तोच छापू."

"तुम्ही पाहिला होता तो?"

"मी तं बॅटरी धरून होतो! मले कुठं दाखवला तू? मले वाटलं, नंतर खरा चंद्रही काढला असशील! तूच नाचत होती!"

तेवढ्यात काका माइकवर आलेच. पांढरा झब्बा, एका हातानं दुसरा हात धरून ठेवलेला. "आज का चाँद हमारी चेतना का है!" टाळ्या! मग प्रमुख पाहुणे, स्वानंद सर. कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, फ्लेक्सकडे वळले आणि बोट रोखलं.

"ध्यान से देखिए! ये टायको क्रेटर. इसकी किरणें देखिए! ऐसी बारीकी बरसों की तपस्या से आती है!"

तपस्या! चार मिनिटं तव्यावर ठेवला होता! माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती. मी त्या चारशे फोटोंवर, तीन रविवारांवर, झाकण लावून काढलेल्या अंधारावर जीव ओवाळून टाकला, त्याला दोन मतं. आणि करपलेल्या चील्याला शाल-श्रीफळ!

नाव पुकारलं. मी मंचावर गेले. स्वानंद सरांनी शाल घातली, काकांनी नारळ दिला. नारळ त्यांच्या हातात एवढा थरथरत होता की आतलं पाणी ऐकू आलं. मला म्हणाले, "रागावली होतीस ना? आता झालं ना बेटा?"

शहाणी बाई असती तर गप्प बसली असती. मी माइक हिसकावला.

"ये चाँद नहीं है! ये चीला है!"

सगळं मैदान हसलं आणि टाळ्या वाजल्या. "वाह दीदी!" कोणीतरी ओरडलं. "क्या नम्रता है!" स्वानंद सर म्हणाले.

"नम्रता नाही हो! चीला आहे! चावल का चीला! मैंने खुद बनाया! वो देखो, उधर जल गया है!"

आणखी टाळ्या. मी पाय आपटला. कोणी मानेना! तेवढ्यात खिरीच्या पातेल्याजवळून भैय्यालाल पुढे आला. तेलीबांधा तलावाजवळ त्याचा चील्याचा ठेला आहे, त्या दिवशी खीर शिजवायला बोलावला होता. हातात डाव, डोक्याला गमछा. तो फ्लेक्सपाशी गेला, मान तिरकी केली, करपलेला डाग पाहिला, जाळी पाहिली.

"हव," तो म्हणाला. "ये तो चीला ए. तवा जादा गरम रिहिस. ए कोती जर गे हे."

म्हणजे या बाजूनं करपलाय. तीस वर्षांचं फिजिक्स एकीकडे आणि भैय्यालालचा तवा एकीकडे. आता मात्र सगळ्यांनी नीट पाहिलं. लचका पाहिला. आणि मग जे हसू सुटलं, ते नम्रतेचं नव्हतं! स्वानंद सर पाण्याचा ग्लास शोधायला लागले. मी विजयी वीरासारखी सांगत सुटले, फोन कसा लबाड आहे, चंद्रासारखं काही दिसलं की कसे आपल्या पदरचे खड्डे भरतो, कशी आपली सगळ्यांची फसवणूक करतो.

"मतलब सरच्चंदर अंकल का चाँद भी नकली था?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"नकली नाही तर काय!" मी गरजले. "ढगातून, जाळीतून, त्या हातानं असा फोटो येतो कधी?"

बोलले आणि मागे वळून पाहिलं. काका मंचावरच्या खुर्चीत बसले होते. हसत नव्हते. आपल्या हाताकडे पाहत होते.

मी माइक ठेवला. जवळ गेले.

"काका?"

"काही नाही बेटा," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, औषध लागू पडून राहिलं. वर्षभरात एक फोटो सरळ आला नव्हता माझा. सगळे हललेले. मग तो चंद्र एकदम स्थिर आला, तर मी डॉक्टरला फोन करून सांगितलं. डॉक्टरही खूश झाले." त्यांनी हात मांडीवर सपाट ठेवला. "तेव्हापासून रोज एक चंद्र काढून राहिलो मी. हात पाहायला."

वाचकहो, मला वाटलं होतं मला फक्त दुसऱ्यांचाच राग येतो. त्या क्षणी स्वतःचा एवढा आला, की तो नारळ स्वतःच्याच डोक्यावर फोडावासा वाटला! मी लॅबमध्ये वीस वर्षं आहे. रिपोर्ट कसा द्यायचा असतो, मला माहीत आहे. चारचौघांत, माइकवरून, हसत देत नाहीत.

मी नेहमीसारखी ओरडले. फक्त या वेळी गौतमवर.

"मोनालीचे पप्पा! बघून काय राहिले? दुर्बीण आणा खाली!"

"आत्ता?"

"आत्ता!"

बापलेक दुर्बीण घेऊन आले. मैदानाच्या कडेला, लाइटांपासून दूर लावली. चंद्र घरांच्या वर चांगला आला होता. मी काकांना हाताला धरून आणलं आणि डोळा लावायला सांगितलं. ते वाकून पाहू लागले. मग दचकले.

"अगं, हा पळून राहिला!"

"तो नाही काका, आपण पळून राहिलो. पृथ्वी फिरते ना!"

"फोनमधला कधी हलला नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावला.

मी कॅमेरा जोडला, वायरचं बटण त्यांच्या हातात दिलं. "दाबा."

"हलेल ना."

"हात बटणावर आहे, दुर्बिणीवर नाही. आणि हलला तर हलू द्या! चंद्र हवेनंही हलतोच. म्हणूनच चारशे काढायचे. प्रत्येक वेगळ्या बाजूला हललेला असतो. एकावर एक ठेवले, की हलणं एकमेकांत विरून जातं आणि चंद्र उरतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"हे मी उगाच बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. दाबा!"

त्यांनी दाबलं. मी दुर्बीण सरकवत गेले, ते दाबत गेले. खीर वाटून संपली. लोक येऊन पाहून गेले. स्वानंद सरही आले, डोळा लावला, आणि हळूच विचारलं, "ये तो... पक्का वही है ना?" चारशे बारा फोटो झाले. मधे काका म्हणाले, "म्हणजे तू पण निवडूनच घेतेस, रंगही चढवतेस. मग फोननं काय वेगळं केलं?"

झालं! माझा पारा चढला. "काका, आम्ही स्लाइडवर रंग टाकतो तेव्हा जी पेशी तिथे आहे तीच दिसते! आपल्या मनानं रोग काढत नाही आम्ही!" असं वीस मिनिटं ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं, बोलायला लागलीस. महिनाभर नुसतं हं हं करत होतीस."

दुसऱ्या दिवशी त्या चारशे बारांतून नव्वद निघाले. त्यांचा मिळून चंद्र आला. थोडा मऊ, कडेला किंचित पिवळसर, पण खरा. काकांनी तो ग्रुपवर टाकला. मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं होतं, म्हणून पहिला मेसेज मीच वाचला. 'अंकल, थोड़ा धुंधला है.' मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही. काकांनी तो फ्रेम करून डॉक्टरांना नेऊन दिला.

इथे मी ही गोष्ट संपवली असती. पण परवा दवाखान्यात निघाले, तेलीबांधा तलावाजवळ सिग्नल लागला, सहज डावीकडे पाहिलं, आणि स्कूटर बंद पडली!

भैय्यालालच्या ठेल्यावर, छप्पर म्हणून ताणलेला, बारा फुटांचा चंद्र! आणि हातभर अक्षरांत माझं नाव! समितीनं फ्लेक्स त्याला देऊन टाकला होता म्हणे. सिग्नलला थांबलेलं अर्धं रायपूर तो पाहत होतं.

मी स्कूटर ढकलत गेले. काय बोलायचं ते डोक्यात तयार होतं. माझं नाव, माझी इज्जत, कोणाला विचारून, आत्ताच्या आत्ता काढ. तोंड उघडलं आणि वर पाहिलं. माझ्या नावाखाली त्यानं लाल रंगानं स्वतः लिहिलं होतं, 'यहाँ ऐसा ही चीला मिलता है.'

मी पुन्हा वाचलं. फोटो चील्याचा. दुकान चील्याचं. काढणारीचं नाव बरोबर. करपलेला डागसुद्धा झाकलेला नाही. अख्ख्या शहरात माझ्या नावानं लागलेला एकुलता एक फोटो, आणि त्यात चूक म्हणून काढायला काही नाही!

"दीदी," भैय्यालालनं तव्यावर पाणी शिंपडत विचारलं, "कतका लगावँव?"

मी उघडलेलं तोंड मिटलं.

"दोन," मी म्हणाले. "आणि करपवू नकोस."